कलम १०-अ

जुआन सोटोने डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा, साडेशहात्तर कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा आमच्या कट्ट्यावर सगळ्यांनी त्याचे रुपये करून पाहिले, डोळे विस्फारले आणि गाडी क्रिकेटवर नेली. मला मात्र असला आकडा दिसला की कर्ट फ्लड आठवतो. बेसबॉलचं माझं वेड जुनं, आणि तेही मैदानापेक्षा करारपत्रांचं. घरचे याला खूळ म्हणतात. म्हणोत बापडे.

मागचा इतिहास भराभर उरकतो. १८७९ मध्ये संघमालकांनी आपसात ठरवलं की एकाने राखून ठेवलेल्या खेळाडूला दुसऱ्याने हात लावायचा नाही. सुरुवातीला संघामागे पाच खेळाडू, पुढे सगळेच. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत येत नाही असा निकाल दिला आणि मालकांचं फावलं. १९३० मध्ये ८० हजार डॉलर घेणारा बेब रूथसुद्धा याच दावणीला बांधलेला होता. आपल्याकडच्या सालगड्याला निदान पाडव्याला मालक बदलता येई. यांना तीही सोय नव्हती.

आता फ्लड. सेंट लुइस कार्डिनल्सचा सेंटरफिल्डर, सात गोल्ड ग्लोव्ह मिळवलेला, वर्षाला ९० हजार डॉलर कमावणारा. ऑक्टोबर १९६९ मध्ये संघाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याने २४ डिसेंबरला कमिशनर बोवी क्यून यांना पत्र लिहिलं: बारा वर्षं या खेळात काढल्यावर आपण कुणी खरेदी-विक्रीची मालमत्ता आहोत असं आपल्याला वाटत नाही. पत्र जेमतेम पानभर, भाषा अदबीची, पण त्याने मालकांची झोप उडवली. ‘एवढा पगार घेऊन रडतो कशाला?’ असं विचारणारे पुष्कळ निघाले. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला उभा राहिला, तेव्हा साक्षीला जॅकी रॉबिन्सन आला. त्या वेळी मैदानावर खेळणारा एकही खेळाडू फिरकला नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतं ते हे.

१९७२ मध्ये फ्लड सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ३ असा हरला. निकालपत्र मी हौसेने वाचलंय. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी सुरुवातीलाच बेसबॉलचं गुणगान करत ऐंशीहून अधिक जुन्या खेळाडूंची नावं ओळीने दिली आहेत. बहुमतातल्या दोन न्यायमूर्तींनी त्या भागापुरती सहमती द्यायचं टाळलं. इतक्या प्रेमाने लिहिलेला निकाल, आणि ज्याचं आयुष्य पणाला लागलं तो हात हलवत परत. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून १३ सामने खेळून फ्लड खेळ सोडून गेला होता. पुढे मायोर्का बेटावर राहिला.

कोंडी फुटली ती करारातल्या कलम १०-अ मुळे. खेळाडूने सही केली नाही तर संघ जुना करार एक वर्ष वाढवू शकतो, एवढंच त्यात होतं. मालक म्हणत, हे दरवर्षी नव्याने करता येतं. पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेला खेळाडू संघटनेचा म्होरक्या मार्व्हिन मिलर म्हणाला, एक म्हणजे एकच. डॉजर्सचा पिचर अँडी मेसरस्मिथ १९७५ चा अख्खा मोसम सही न करता खेळला. दुसरा पिचर डेव्ह मॅकनॅली तर हंगाम अर्धवट सोडून मोंटानाला घरी गेला होता, तरी त्याने या वादात आपलं नाव राहू दिलं; पैशाचं आमिष दाखवूनही बधला नाही. डिसेंबरात लवाद पीटर साइट्झ यांनी खेळाडूंच्या बाजूने कौल दिला. मालकांनी साइट्झना लागलीच काढून टाकलं.

इथे मिलरची खरी चलाखी दिसते. ओकलंडचा विक्षिप्त मालक चार्ली फिनली म्हणत होता, करा सगळ्यांना दरवर्षी मोकळं! मिलरला याचीच धास्ती होती. सगळे एकदम बाजारात आले तर भाव कोसळणार. सुदैवाने फिनलीचं कुणी ऐकलं नाही, आणि १९७६ मध्ये ठरलं की सहा वर्षं सेवा झाल्यावर मोकळीक. दरवर्षी थोडेच मोहरे बाजारात, घेणारे भरपूर. सरासरी पगार १९७६ मध्ये ५१ हजारांच्या आसपास होता, तो १९८० मध्ये १ लाख ४० हजारांपुढे गेला.

पण या सहा वर्षांत मेख आहे. खांदा जातो, गुडघा जातो, आणि बहुतेकांची कारकीर्द त्याआधीच आटोपते. २०२५ मध्ये किमान वार्षिक पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. त्याच वर्षी पिट्सबर्गचा पॉल स्किन्स नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. त्याचा पगार होता ८ लाख ७५ हजार, बोनस वेगळा. सोटोएवढी बोली त्याच्यावर लागायची असेल, तर उरलेली वर्षं त्याचा उजवा हात शाबूत राहायला हवा.