कांजूरमार्गच्या वस्त्या: घर कोणाचे, जमीन कोणाची?

मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या मध्ये कांजूरमार्ग स्टेशन येते. बाहेरच्यांना ते पवई किंवा आयआयटीला जाण्यासाठी उतरायचे ठिकाण म्हणून माहीत असते. पण स्टेशनच्या दोन्ही बाजूंना थोडे फिरले तरी जुने गावठाण, बैठ्या चाळी, झोपडपट्टी, पुनर्वसनाच्या इमारती आणि उंच टॉवर एकमेकांना लागून दिसतात. या वस्त्यांमधला फरक फक्त पैशांचा नाही. घराखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, यावर त्या घराची दुरुस्ती, कर्ज आणि पुनर्विकास ठरतो. कधी कधी ते घर टिकणार की नाही, हेही त्यावरच ठरते.

आधी गाव, मग रेल्वे

कांजूर हे साष्टी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचे गाव. एका बाजूला पवईचे डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी आणि मिठागरे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, ती याच पट्ट्यातून गेली. पश्चिमेला जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग, आणि पूर्वेला पुढे पूर्व द्रुतगती महामार्ग आला. या तीन रेषांनी गावाचे उभे तुकडे केले.

गावठाणातली घरे पिढीजात आहेत. तिथे जमीन कोणाची, हा प्रश्न सहसा नसतो. प्रश्न असतो नोंदीचा. मालमत्ता पत्रकावर आजोबा-पणजोबांचे नाव, वारस अनेक, गल्ल्या अरुंद. सगळ्यांची संमती आणि नकाशे जुळल्याशिवाय नवे बांधकाम मंजूर होणे अवघड जाते.

कारखाने गेले, टॉवर आले

स्वातंत्र्यानंतर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत रेल्वेच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहिले. कांजूरमार्ग पूर्वेला क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जचा कारखाना होता. कामगारांसाठी आसपास चाळी आणि छोट्या सोसायट्या वाढल्या. पुढे उत्पादन मुंबईबाहेर गेले आणि कारखान्यांच्या मोठ्या, एकाच मालकाच्या जमिनी विकसकांना मिळाल्या. टॉवर आधी अशाच जागी का उभे राहतात, याचे कारण सोपे आहे: शेकडो जणांची संमती घ्यावी लागत नाही. अर्थात फ्लॅट नावावर झाला म्हणजे जमीनही सोसायटीची झाली, असे नसते. त्यासाठी अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, व्हावे लागते.

झोपडपट्टी आणि पात्रतेची तारीख

ज्यांना चाळीतही खोली परवडली नाही, त्यांनी डोंगरउतारावर, रस्त्याकडेला किंवा सरकारी जमिनीवर घर बांधले. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, स्थापन झाले. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीतल्या पात्र कुटुंबाला त्याच्या योजनेत मोफत घर मिळते. त्याचे क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून टप्प्याटप्प्याने ३०० चौरस फुटांवर आले. म्हणून अशा वस्त्यांत जुने वीजबिल आणि मतदार यादीतले नाव जिवापाड जपले जाते. जमीन केंद्र सरकारच्या ताब्यातली असेल, तर मात्र केंद्राच्या परवानगीशिवाय योजना पुढे सरकत नाही.

रुळांवरून उठलेली ९०० कुटुंबे

पुनर्वसनाच्या इतिहासात कांजूरमार्गचे नाव वेगळ्या कारणाने घेतले जाते. १९९० च्या दशकात कुर्ला ते ठाणे पाचवी-सहावी मार्गिका टाकायची होती. पण रुळांलगत झोपड्या होत्या. तिथे राहणे जिवावरचे होते आणि गाड्यांचा वेगही कमी ठेवावा लागे. त्यांपैकी सुमारे ९०० कुटुंबे पोलिसी बळाविना कांजूरमार्गला स्थलांतरित झाली. नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, महिला मिलन आणि स्पार्क या संस्थांच्या मदतीने रहिवाशांनी स्वतःच झोपड्यांची मोजणी केली, बचत केली, सोसायट्या स्थापन केल्या आणि आधी तात्पुरत्या घरांत मुक्काम हलवला. यातून एक धडा मिळाला. घर रिकामे करण्याआधी पुढची जागा ठरलेली असेल आणि शेजार सोबत येणार असेल, तर लोक हलायला तयार होतात.

मिठागरांवर कोणाचा हक्क?

महामार्गापलीकडच्या जमिनीचा वाद अजून मिटलेला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याने मेट्रो कारशेडसाठी तिथली १०२ एकर जमीन एमएमआरडीएला दिली. ती मिठागराची आणि म्हणून आपली, असे सांगत केंद्र न्यायालयात गेले. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्याच वर्षी एका खासगी कंपनीने कांजूर गावातल्या सुमारे ६,००० एकरांवरचा हक्क तडजोडीच्या हुकूमनाम्यातून मिळवला होता. तो उच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये रद्द केला.

याच भागात २०११ पासून मुंबईचा कचरा टाकला जातो. दुर्गंधीची तक्रार आसपासच्या सगळ्याच वस्त्यांत आहे, टॉवरमध्येही. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने क्षेपणभूमीची सुमारे १२० हेक्टर जमीन संरक्षित वन ठरवली. नंतर सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंडमधली २५५.९ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातल्या अपात्र रहिवाशांच्या भाड्याच्या घरांसाठी घेण्याला मंजुरी दिली. भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावून घेणाऱ्या सखल जमिनीवर वस्ती केली, तर ते पाणी कुठे जाईल, हा पर्यावरण अभ्यासकांचा आक्षेप आहे. येणाऱ्यांपुढचा प्रश्न वेगळा आहे: शाळा, दवाखाना आणि रोजगार जवळ नसेल, तर चार भिंती मिळूनही संसार कसा चालणार? तो प्रश्न विचारण्याची संधी त्या ९०० कुटुंबांना घर हलवण्याआधी मिळाली होती. पुढच्या वस्तीत येणाऱ्यांना ती मिळते का, यावर बरेच काही अवलंबून आहे.