कचऱ्याची वाट – लेखांक 6 : निळी प्रत

मुलुंडचे डम्पिंग 2018 मध्ये बंद झाले, कल्याणचे आधारवाडी 2021 मध्ये, दिव्याचे 2023 मध्ये. कचरा तेवढाच राहिला, जागा तेवढ्या संपल्या. मग मुंबई महापालिकेने अंबरनाथ तालुक्यातल्या करवले गावाकडे बोट दाखवले आणि ठाण्याने भिवंडी तालुक्यातल्या आतकोलीकडे. शहरांचा कचरा असा गावांकडे कसा सरकतो आहे, ते मागच्या लेखांकात पाहिले. पण त्या कचऱ्याचे निदान एक बरे असते. तो येण्याआधी नोटीस निघते, मोजणी होते, गावाला रस्त्यावर बसून विरोध करता येतो. दुसऱ्या प्रकारचा कचरा रात्री दोन-तीनच्या सुमारास टँकरने येतो आणि उजाडायच्या आत ओढ्यात रिकामा होऊन जातो. तो टाकणाऱ्यांना वर्तमानपत्रे ‘टँकर माफिया’ म्हणतात. ही टोळी व्यवस्थेवर बाहेरून दरोडा घालते, असा आपला समज असतो. पुरावे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. व्यवस्थेनेच सोडलेले काम ती कमी पैशांत उरकून देते. त्यामुळे ओढ्याच्या काठी ड्रायव्हर पकडून हा धंदा थांबत नाही. तो जिथे ठरतो ती जागा कारखान्याच्या फाटकाच्या आत आहे.

याचा सगळ्यात बोलका पुरावा गुजरातेत सापडतो, पण त्याचे मूळ आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात आहे. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका नाल्यात टँकरने रसायन सोडले. नाल्यातल्या आम्लाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार झाला आणि शेजारच्या कापड प्रक्रिया कारखान्यातले सहा कामगार दगावले. ते कामगार कचरा करणारे नव्हते की टाकणारेही नव्हते. ते रात्रपाळीला होते, एवढेच. चौकशीची साखळी दलालामागून दलाल ओलांडत तळोज्याच्या एका कारखान्यापर्यंत आली. आता तळोजा म्हणजे काय, ते लक्षात घ्या. घातक कचऱ्याची शास्त्रोक्त विल्हेवाट लावणारे, भट्टी आणि सुरक्षित भूभराव असलेले राज्यातले मोठे सामाईक केंद्र तळोज्यातच आहे. म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर सोय असताना ते रसायन अडीचशे किलोमीटरहून दूर गेले. ‘कचरा टाकायला जागाच नाही, म्हणून बेकायदा प्रकार होतात’ हा आपल्याकडचा आवडता युक्तिवाद. घरगुती कचऱ्याबाबत तो काही अंशी खरा आहे, पण या प्रकरणात तो टिकत नाही. डिझेल जाळून, चेकनाके ओलांडून, दलालांचे हात ओले करूनही लांबचा नाला परवडतो. कारण नाला फुकट असतो आणि भट्टीला वजनावर पैसे मोजावे लागतात. या दोन भावांमधला फरक हीच टोळीची कमाई.

उल्हासनगरने हा अनुभव त्याआधीच घेतला होता. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस वालधुनी नदीच्या पात्रात टँकरमधून रसायन ओतले गेले आणि काठावरच्या वस्तीतल्या शेकडो माणसांना श्वास कोंडल्याने, उलट्यांनी दवाखाने गाठावे लागले. सुरत आणि उल्हासनगर, दोन्हीकडे आधीच रसायनांनी भरलेला नाला निवडला गेला, हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. घाण असलेल्या पाण्यात नवी घाण लपते. जिथे नियम रोज थोडेथोडे मोडतात, तिथेच मोठा गुन्हा आडोसा शोधतो.

मग कायदा काय करत होता? कागदावर तो चोख आहे. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत नमुना 10 नावाचे एक पत्रक आहे. प्रत्येक खेपेसोबत त्याच्या सात रंगांच्या सात प्रती निघतात. पांढरी प्रत कचरा पाठवणारा प्रदूषण नियंत्रण मंडळाला देतो. पिवळीवर वाहतूकदाराची सही घेऊन ती स्वतःच्या फायलीत ठेवतो. माल पोचला की गुलाबी प्रत विल्हेवाट केंद्रात राहते, नारिंगी वाहतूकदाराकडे, हिरवी केंद्राकडून मंडळाला जाते. माल परराज्यातला असेल तर करडी त्या राज्याच्या मंडळाला. आणि निळी प्रत केंद्राकडून मूळ कारखान्याकडे परत येते. माल पोचल्याची पावती ती हीच. निळी प्रत आली नाही, तर माल वाटेत कुठेतरी उतरला, हे कारखानदाराला कोणी सांगावे लागत नाही. तरीही वाहतूकदाराचे बिल निळ्या प्रतीवाचून चुकते होते, तेव्हा ‘आम्ही रीतसर ठेकेदाराला दिला, पुढचे आम्हाला माहीत नाही’ या बचावाला काय अर्थ उरतो? माहीत करून घ्यायचे साधन कायद्याने त्याच्या हातात दिले होते. ते न वापरणे हीच त्याची या व्यवहारातली भागीदारी आहे.

अर्थात, सातही प्रती सुटतील अशी एक पळवाट आहे आणि दलालांना ती पाठ असते. कचऱ्याला कचरा म्हणायचेच नाही. वापरून झालेले आम्ल ‘उपउत्पादन’ म्हणून विकल्याचे दाखवायचे, कुठल्यातरी कारखान्याच्या नावाने कच्चा माल म्हणून चलन फाडायचे. नियमांनी अशा पुनर्वापराला जागा ठेवली आहे आणि तो हेतू चांगलाच आहे, कारण एकाचा कचरा दुसऱ्याचा माल ठरू शकतो. पण खरेदीदार खरा आहे का, हे एका साध्या गोष्टीवरून कळते. माल विकला जातो तेव्हा पैसे विकणाऱ्याकडे येतात. इथे ‘विकणारा’च वाहतुकीच्या नावाखाली ‘घेणाऱ्या’ला पैसे देत असतो. आपल्या खिशातून पैसे घालून माल विकणारा व्यापारी मुरबाडच्या बाजारात कोणी पाहिला आहे का? जीएसटीच्या नोंदींत पैशाचा हा उलटा प्रवाह दिसायला हवा. पण कर खाते कर पाहते, मंडळ कारखान्याला दिलेले संमतीपत्र पाहते आणि पोलीस मृतदेह पाहतात. तिघांची कागदपत्रे एका टेबलावर क्वचितच येतात.

या धंद्याला ‘संघटित गुन्हेगारी’ म्हटले की येणारा आक्षेप आता पाहू. कोणी म्हणेल, चार टँकरमालक आणि दोन दलाल म्हणजे काही दाऊदची टोळी नव्हे, उगाच मोठे शब्द कशाला? पण 1999 च्या मकोका कायद्यात डॉन असावा लागतो असे म्हटलेले नाही. आर्थिक लाभासाठी धाकाने किंवा इतर बेकायदा मार्गाने सतत केलेले कृत्य, असा त्याचा गाभा आहे. गिऱ्हाईक आणणारा वेगळा, गाडी पुरवणारा वेगळा, चलन बनवणारा वेगळा, जागा दाखवणारा वेगळा, आणि हे पुन्हापुन्हा. त्याला असंघटित कसे म्हणणार? खरी अडचण पुढेच आहे. मकोका असो की भारतीय न्याय संहितेचे कलम 111, दोन्हींना मूळ गुन्हा तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेचा लागतो आणि दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे लागतात. पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. जनविश्वास कायद्याने तो काढला. एप्रिल 2024 पासून तिथे दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंतचा दंड आहे आणि दंड भरला नाही तरच तुरुंग. सार्वजनिक पाणवठा घाण करण्याला न्याय संहितेत सहा महिने किंवा पाच हजार रुपये, विषारी पदार्थ निष्काळजीपणे हाताळण्यालाही तेवढेच. माणूस मेला तर सदोष मनुष्यवध लागू शकतो. म्हणजे नुसती नदी मेली, तर या टोळीपर्यंत पोचणारी शिडीच आपण काढून घेतली आहे.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. तुरुंगाची कलमे वर्षानुवर्षे धूळ खात होती, खटले रेंगाळत होते, त्यापेक्षा झटपट दंड बरा, असे समर्थन केले जाते. वार्षिक विवरणपत्र उशिरा भरणाऱ्या कारखान्याला ते लागूही पडते. पण चूक आणि धंदा यांना एकच तराजू लावल्याने धंदा करणाऱ्याचे फावते. तो दंडाची रक्कम डिझेलच्या शेजारी खर्चात लिहितो.

इटलीने हाच प्रश्न आपल्या आधी भोगला. नेपल्सच्या कंपानिया प्रांतात 1994 ते 2009 अशी पंधरा वर्षे कचऱ्याची आणीबाणी होती. रस्त्यांवर ढीग दिसत होते, म्हणून जगाने ढिगांची छायाचित्रे छापली. त्याच काळात उत्तरेकडच्या कारखान्यांचा विषारी कचरा कामोरा टोळ्या स्वस्तात उचलून दक्षिणेच्या शेतांत गाडत आणि जाळत होत्या. तिथे खास आयुक्त नेमून काही साधले नाही. फरक पडू लागला तो 2001 मध्ये कचऱ्याची संघटित तस्करी हा एक ते सहा वर्षे शिक्षेचा स्वतंत्र गुन्हा झाल्यावर, कारण मग तपास ड्रायव्हरपासून दलालाकडे आणि तिथून कारखान्याकडे वर चढू शकला. जमीन मात्र तोवर भरली होती. 30 जानेवारी 2025 रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तिथल्या रहिवाशांच्या जगण्याच्या हक्काचे रक्षण करण्यात इटली कमी पडली, असा निकाल दिला. पहिल्या टँकरपासून त्या निकालापर्यंत एक पिढी गेली.

एक आक्षेप उरतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारखानदाराला शेवटपर्यंत जबाबदार धरले, तर मोठी कंपनी वकील नेमेल आणि लहान युनिट बंद पडेल. मुरबाडच्या एमआयडीसीवर तालुक्यातली किती घरे चालतात, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच विल्हेवाटीचे शुल्क खेपेगणिक न घेता उत्पादनाच्या प्रमाणात आधीच, संमतीपत्राच्या वेळी वसूल करावे, असे मला वाटते. पैसे एकदा भरून झाले की टँकर नाल्यात रिकामा करून काही वाचत नाही. शिवाय घेतलेला कच्चा माल आणि दाखवलेला कचरा यांचा मेळ बसतो का, हे त्याच वेळी तपासता येते. जीपीएसने गाडी कुठे गेली ते कळते, टाकीत काय होते ते कळत नाही. हा हिशेब मात्र ते सांगतो.

हाच प्रश्न घराजवळ आणून पाहू. मुरबाड तालुक्यातले वैशाखरे गाव कल्याण–मुरबाड–माळशेज रस्त्यावर आहे. रात्रीच्या वर्दळीत एक टँकर कमी की जास्त, कोणाच्या लक्षात येत नाही. याच भागातली काळू नदी पुढे टिटवाळ्याजवळून जाऊन उल्हासला मिळते, म्हणजे इथे ओतलेले इथेच राहणार नाही. पण रात्री पहारा ठेवणे हे ग्रामस्थांचे काम नव्हे. त्यांच्या हातात दिवसाचे एक साधन आहे. मंडळाच्या कल्याण प्रादेशिक कार्यालयाकडून तालुक्यातल्या प्रत्येक कारखान्याचे संमतीपत्र मिळवता येते. त्यात घातक कचऱ्याचा प्रकार, प्रमाण आणि तो कुठे जाणार हे छापलेले असते. दरवर्षी 30 जूनपर्यंत भरायचे नमुना 4 चे विवरणपत्र माहितीच्या अधिकारात मागता येते. ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवली की कोणत्या कारखान्याचा कचरा कागदावरच आटला, ते दिसू लागते. ग्रामसभेने ठराव करून ती मागवावीत. त्यातले रकाने कसे वाचायचे आणि ‘फुकट भराव’ म्हणून वरकस जमिनीवर येणाऱ्या डंपरांचा त्याच्याशी काय संबंध आहे, ते पुढच्या आठवड्यात.