रुसलेल्या इंजिनाची मनधरणी

चौदा वर्षे पोर्चमध्ये उभी असलेली अॅम्बॅसेडर, एक जाम झालेला पिस्टन आणि घाई न करणारा एक मिस्त्री. जयपूरच्या एका मराठी घरात घडलेली ही गोष्ट.

जयपूरमध्ये नवी गाडी घेतली की ती आधी मोतीडुंगरीच्या गणपतीला न्यायची, असा तिथला रिवाज आहे. बुधवारी तर देवळापुढे कोऱ्या गाड्यांची रांगच लागते. बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ आणि समोर नारळ. ज्या घरात आम्ही गेलो होतो, तिथल्या ऐंशी वर्षांच्या आजींनी १९६८ साली याच देवळापुढे आपल्या अॅम्बॅसेडरची पूजा केली होती. ती मार्क टू अॅम्बॅसेडर आजही त्यांच्या पोर्चमध्ये उभी आहे.

उभी आहे, एवढेच. आजोबा गेल्यापासून चौदा वर्षे ती जागची हललेली नव्हती. त्यातच १४ ऑगस्ट २०२० रोजी जयपूरला अतोनात पाऊस झाला. अल्बर्ट हॉल संग्रहालयातही पाणी शिरले आणि तिथल्या इजिप्शियन ममीला काचेच्या पेटीतून बाहेर काढून वाचवावे लागले. त्याच दिवशी या पोर्चमध्ये अर्ध्या चाकापर्यंत पाणी चढले होते. पाणी ओसरले, चिखल धुऊन निघाला, गाडीवर नवे कापड पडले. आत काय झाले ते कोणी पाहिले नाही.

पाहिले ते नातवाने. जयपूरला दरवर्षी जुन्या मोटारींची रॅली भरते. ती पाहून आल्यावर त्याने हट्टच धरला. नवी बॅटरी आणून जोडली, स्टार्टर दाबला. 'टक्' असा एक आवाज आला आणि पुढे काहीच नाही. बंपरमधून हँडल घालून पाहिले, तर ते तसूभरही फिरेना. इंजिन जाम झाले होते.

भंगार की जीर्णोद्धार?

घरात दोन तट पडले. आजींचा थोरला मुलगा म्हणाला, "भंगारवाला घ्यायला तयार आहे, देऊन टाकू." नातू म्हणाला, "शेजाऱ्यांच्या जीपला दोर बांधू, गिअरमध्ये टाकून ओढू. सुटेल आपोआप." आजी काहीच बोलल्या नाहीत. याच गाडीवर त्या रामनिवास बागेच्या रस्त्यांवर ड्रायव्हिंग शिकल्या होत्या. साडी नेसून मोटार चालवणारी बाई पाहायला तेव्हा लोक थांबत, असे त्यांनी आम्हाला हसत सांगितले.

शेवटी जुन्या गाड्यांची कामे करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींना बोलावले गेले. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. दोराने ओढण्याचा बेत ऐकताच त्यांनी कानाला हात लावले. चिकटलेल्या पिस्टनला चाकांच्या जोराने हिसका दिला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो, पिस्टन तडकतो, कधी थेट ब्लॉक फुटतो. "जबरदस्ती नहीं, मोहलत दीजिए," ते म्हणाले.

ब्लॉक वाचवण्याला आणखी एक कारण होते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची गाडी त्यात बसते. मात्र ती मूळ स्वरूपात असली पाहिजे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे मूळ ब्लॉक फुटून दुसरा बसवावा लागला असता, तर नातवाचे रॅलीचे स्वप्न तिथेच अडचणीत आले असते.

जाम होते म्हणजे काय होते?

अॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनात बिडाचा ब्लॉक असतो. त्यात चार नळकांडी आणि प्रत्येकात अॅल्युमिनियमचा एक पिस्टन. पिस्टनभोवती रिंगा असतात आणि त्या बिडाच्या भिंतीला घासून वरखाली होतात. इंजिन बंद पडते तेव्हा एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच राहतो. त्या वाटेने, सायलेन्सरमधून, दमट हवा आत शिरते. भिंतीवरचे तेल केव्हाच खाली निथळलेले असते. उघड्या बिडावर गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रिंग आणि भिंत यांच्यामधल्या केसभर फटीत तो पाचरीसारखा बसतो. या गाडीच्या सायलेन्सरचे तोंड तर पुराच्या पाण्याखालीच गेले होते.

तरीही उस्तादांनी आधी इंजिनावर आळ घेतला नाही. गाडी न्यूट्रल केली. पंख्याचा पट्टा काढला, कारण कधी कधी पाण्याचा पंप किंवा डायनॅमोच अडकलेला असतो. स्टार्टर मोटर खोलून बाजूला ठेवली. तिचा दाता फ्लायव्हीलच्या दातांत रुतला तरी इंजिन जाम झाल्यासारखे वाटते. हे सगळे करूनही हँडल फिरेना, तेव्हा कुठे त्यांनी प्लगला पाना लावला.

त्याआधी त्यांनी चेंबरचा नट सैल केला होता. तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून आत पाणी असेल तर ते आधी बाहेर येते. आधी चहाचा कपभर गढूळ पाणी आले, मग काळे तेल. पोर्चमध्ये कोणी काही बोलले नाही.

तेलाची भाषा

चारही प्लग काढून त्यांनी बॅटरीच्या उजेडात आत पाहिले. मग डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण प्रत्येक सिलिंडरमध्ये सारखेच ओतले आणि प्रत्येकात एक तार बुडवून तेल कुठवर आहे त्याची खूण केली. "आता तीन दिवस कोणी हात लावायचा नाही," असे सांगून ते चहा पिऊन निघून गेले.

तीन दिवसांनी पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरमधले तेल रिंगांच्या फटीतून खाली झिरपले होते. तिसऱ्यातले मात्र जसेच्या तसे. गंजाने फट पुरती बुजली होती. न खोलता रोगी सापडला.

पुढचा उपाय आजींच्या स्वयंपाकघरातून झाला. थर्मोस्टॅट काढून वरच्या नळीच्या तोंडातून उकळते पाणी ब्लॉकमध्ये ओतायचे आणि रात्रभर आपोआप निवू द्यायचे. आंघोळीच्या मोठ्या पातेल्यात पाणी आजी स्वतः तापवत. यामागचे शास्त्र साधे आहे. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे गरम असताना पिस्टन उलट अधिकच घट्ट बसतो. पण निवताना तो भिंतीपेक्षा जास्त आकसतो. या रोजच्या ताणाताणीत गंजाचा थर तडकत जातो आणि त्या तड्यांतून तेल आत शिरते. एकच पथ्य होते. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी चुकूनही ओतायचे नाही, नाहीतर बीडच तडकते.

सहा दिवस असे गेले. थोरल्या मुलाने भंगारवाल्याला पुन्हा फोन केला होता, हे आम्हाला नंतर कळले. दहाव्या दिवशी सकाळी नातवाने तिसऱ्या सिलिंडरमध्ये तार बुडवली आणि तो ओरडतच घरात आला. तेल बोटभर उतरले होते.

लाकडाचा ठोकळा

हँडल अजूनही फिरत नव्हते. उस्तादांनी हेड काढले. त्याआधी रॉकर शाफ्ट आणि पुशरॉड बाजूला केले, कारण एखादा व्हॉल्व्हही गंजून अडकला असेल, तर इंजिन फिरताच पुशरॉड वाकतात. आता तिसरा पिस्टन उघड्यावर दिसत होता. तो अर्ध्या वाटेवर अडकला होता आणि त्याच्या वरची भिंत विटकरी झाली होती.

"वर ढकलला तर गंजात जाईल. खाली भिंत चांगली आहे, खालीच जायचं," उस्ताद म्हणाले. त्यांनी वरच्या भिंतीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने तेल लावून तासभर घासला, भुकटी पुसून घेतली. मग शिसवीचा, जवळजवळ पिस्टनच्याच मापाचा गोल ठोकळा त्यावर ठेवला. लोखंडाचा घाव अॅल्युमिनियम सोसत नाही. लाकूड तो घाव सगळीकडे सारखा पसरवते. हातोडीचे हलके, एकसारखे ठोके सुरू झाले. नातू हँडल धरून बसला होता. त्याला सांगितले होते, की हिसका द्यायचा नाही. एकदा इकडे, एकदा तिकडे, नुसता भार द्यायचा.

वीस मिनिटे काही झाले नाही. थोरला मुलगा घड्याळ पाहत होता. मग ठोक्याचा आवाज बदलला. ठणठणीत होता तो जरा बोदा झाला. उस्तादांनी हात थांबवला. "आता बघ," ते नातवाला म्हणाले. हँडल दोन बोटे सरकले. मागे घेतले, पुन्हा पुढे. चार बोटे. मग अर्धा फेरा. आणि चौदा वर्षांनी चारही पिस्टन एकदम हलले.

आजी दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी फक्त "चहा टाकते" म्हटले आणि आत गेल्या.

दाखवायची की फिरवायची?

सुटले म्हणजे संपले नाही. पिस्टन बाहेर काढल्यावर तिसऱ्याच्या रिंगा तुकड्यांनी निघाल्या. भिंतीवर बारीक खड्डे पडले होते, म्हणून सिलिंडर बोअर करून वाढीव मापाचे पिस्टन बसवावे लागले. अॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये उत्तरपाड्याला थांबले, पण ही गाडी देशात इतकी वर्षे आणि इतकी चालली, की तिचे सुटे भाग अजून मिळतात. ब्लॉक तोच राहिला आणि त्यावर कोरलेला नंबरही तोच.

इंजिन सुरू झाले त्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. आधी निळा धूर निघाला, मग तो विरळ झाला. अॅम्बॅसेडरचा तो ओळखीचा घरघराट पोर्चमध्ये भरून राहिला. आणि त्याबरोबर नवा वाद उभा राहिला. विंटेज नोंदणी घेतली, तर 'व्हीए' अक्षरांची खास नंबर प्लेट मिळते. पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला परवानगी नाही.

"म्हणजे मोतीडुंगरीला नाही नेता येणार?" आजींनी विचारले. नातू गप्प बसला. "मग नको," त्या म्हणाल्या, "गाडी फिरायला असते रे, दाखवायला नाही."

तेव्हा ठरले, की आधी नेहमीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची खटपट करायची. रॅलीचे पुढे बघू. भंगारवाल्याला नकार कळवण्याचे काम थोरल्या मुलाने आपणहून घेतले. कागद होईपर्यंत गाडी फाटकापर्यंत जाते आणि मागे येते. दर रविवारी सकाळी आजी पुढच्या सीटवर बसतात आणि इंजिन पुरते तापेपर्यंत उतरत नाहीत.

चौकट : आपली गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर

• उभी करण्यापूर्वी इंजिन ऑईल बदला. जुन्या तेलातले आम्ल आतले भाग खाते.

• प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडा आणि इंजिन दोन-तीन फेरे फिरवा.

• सायलेन्सरचे तोंड तेलकट फडक्याने बंद करा. त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा, म्हणजे सुरू करताना विसर पडणार नाही.

• अधूनमधून सुरू करणार असाल, तर पुरती गरम होईपर्यंत चालवा. दोन मिनिटांत बंद केली, तर आत उलट पाणी साठते. बंद पोर्चमध्ये मात्र इंजिन चालू ठेवू नका. धूर विषारी असतो.

• वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी एकदम स्टार्टरने सुरू करू नका. आधी प्लग काढून, तेल सोडून, हाताने फिरवून पाहा.

• फिरत नसेल तर ओढू नका, ढकलू नका. जाणत्या मिस्त्रीला बोलवा आणि त्याला वेळ द्या.