साउंड कार्ड आणि खडकीतली घरघर

कॉम्प्युटरला वेगळं साउंड कार्ड बसवायचं म्हटलं की लोक विचारतात, "कशाला? मदरबोर्डवर असतंच की!" गाणी ऐकायची आणि मीटिंगा करायच्या, एवढंच असेल तर त्यांचं बरोबर आहे. पण घरातल्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या असतील, तर थोडं थांबा. साउंड कार्ड किती छान वाजतं हे नंतर बघू. काहीच वाजत नसताना ते किती गप्प बसतं, ते आधी बघावं. वर्षानुवर्षं हेच उद्योग करून माझं हे मत पक्कं झालं आहे.

इतिहास उरकून टाकतो. १९८१ चा आयबीएम पीसी नुसता 'बीप' करायचा. १९८७ मध्ये कॅनडातल्या ॲडलिबचं, यामाहाची चिप असलेलं कार्ड आलं. १९८९ मध्ये सिम वाँग हू यांच्या सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणलं आणि बाजार मारला. १९९७ मध्ये इंटेलचं एसी-९७ हे मानक आलं, पुढे आवाजाची चिप मदरबोर्डवरच बसू लागली आणि सुटं कार्ड हौशी मंडळींपुरतं उरलं.

कार्डांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या शेजारच्या कार्डाबद्दल सांगायलाच हवं. पुण्यातल्या आमच्या खडकीहून रेंजहिल्स ओलांडलं की गणेशखिंड. तिथे विद्यापीठाच्या आवारात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं. परम महासंगणकाचं नाव सगळे घेतात, पण मला कौतुक त्यांच्या जिस्ट कार्डाचं. पीसीच्या स्लॉटमध्ये ते खोचलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. साउंड कार्डाचं मात्र त्या काळात नुसतं खोचून भागत नसे. साउंड ब्लास्टरला पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ असं सगळं सांगावं लागे आणि दोन कार्डांनी एकच आकडा मागितला की भांडण ठरलेलं. आता पीसीआय एक्स्प्रेसमध्ये ही कटकट उरली नाही.

बसवणं सोपं आहे. स्विच बंद करून वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. कार्ड जुनं असेल तर त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवा. पुण्यातल्या पावसाळ्यानंतर त्यावर जो मळकट थर दिसतो, तो निघतो. स्लॉट ग्राफिक्स कार्डापासून होईल तितका लांबचा निवडा. छोटं कार्ड लांब स्लॉटमध्येही चालतं. स्क्रू आवळा, ड्रायव्हर टाका, मदरबोर्डवरचा आवाज बायोसमधून बंद करा.

आता माझा आवडता भाग. कार्डाला काहीही न जोडता ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा मिनिट रेकॉर्डिंग करा आणि ते मोठं करून ऐका. माउस हलवला की किरकिर, डिस्क फिरली की चिरचिर ऐकू येते का? येत असेल तर स्लॉट बदला. त्यानंतर कॅसेट डेक जोडा. तो निळ्या भोकात, म्हणजे लाइन-इनमध्ये. गुलाबी भोक माइकचं. त्याला काही मिलिव्होल्टची सवय, आणि डेक देतो साधारण पाव ते अर्धा व्होल्ट. त्यात गायक गातो की भांडतो, कळत नाही.

खडकी बाजाराजवळ राहणाऱ्या, ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका काकांकडे आकाशवाणीवरून भरून घेतलेल्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी होत्या. डेक जोडला आणि गाण्याखाली अखंड 'हूंऽऽ' सुरू. काका म्हणाले, "अरे, हा तंबोरा माझ्या कॅसेटमध्ये नव्हता!" तो आपल्या विजेचा ५० हर्ट्झचा गुंजारव होता. कॉम्प्युटर एका खोलीतल्या प्लगवर, डेक दुसऱ्या. त्यात घराचं वायरिंग जुनं आणि दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं. जोडणीच्या वायरीतून अर्थचा फेरा पूर्ण होत होता. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले आणि हूं गेलं. काही जण अशा वेळी प्लगची अर्थ पिनच काढून टाकतात. तसं मुळीच करू नका. आवाज जाईल, पण शॉक बसायची सोय होईल.

रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवा की सगळ्यात वरची तानही शून्याच्या सहा डेसिबल खालीच राहील. 'एन्हान्समेंट' नावाची सगळी बटणं बंद. फाइल वेव्हमध्येच जपा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. साठ मिनिटांची कॅसेट साधारण ६०० एमबी भरते. आजच्या डिस्कला ते काहीच नाही. तबकड्या उतरवायच्या असतील तर मध्ये फोनो प्रीॲम्प हवाच. सुई थेट लाइन-इनला जोडून हाती काही लागत नाही. तबकड्यांच्या नादी लागलेल्यांनी १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे 'द रेकॉर्ड न्यूज'चे अंक जरूर चाळावेत.

लॅपटॉपवाल्यांनी हिरमुसू नये. त्यांना यूएसबीवर चालणारा बाहेरचा ऑडिओ इंटरफेस मिळतो, आणि कॅबिनेटच्या गोंगाटाबाहेर असल्यामुळे तो पुष्कळदा सरसच ठरतो.

खर्चाचा माझा क्रम असा: आधी घराचं अर्थिंग, मग चांगली शील्डेड केबल, मग डेकचं हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि उरलेच पैसे तर महागडं कार्ड. दुकानदाराला हा क्रम आवडणार नाही. त्याला माझा इलाज नाही.