गुडघ्यांची खरी परीक्षा उतरणीला

शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढताना धाप लागते. परंतु अनेक यात्रेकरूंचे गुडघे दुखू लागतात ते दादांचे दर्शन घेऊन उतरताना. मग घरातील वडीलधारी मंडळी ‘आता गुडघे गेले’ म्हणत यात्राच सोडतात. हा निर्णय घेण्यापूर्वी या सांध्याची रचना समजून घेणे हिताचे आहे.

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी यांचा मिळून गुडघा बनतो. मांडीच्या हाडाची टोके गोलाकार, तर नडगीचा माथा जवळजवळ सपाट असतो. त्यांच्यामधील दोन अर्धचंद्राकृती चकत्या भार पसरवतात, तर चार मुख्य अस्थिबंध हाडांना जागेवर धरून ठेवतात. पाय पूर्ण सरळ होताना नडगी किंचित बाहेर वळते आणि सांधा जणू कुलूपबंद होतो. कायोत्सर्गात फारसे श्रम न होता उभे राहता येते, त्यात या योजनेचा वाटा मोठा आहे.

सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो; पायऱ्या चढताना तो तीन पटींच्या वर जातो आणि उतरताना साडेतीन पटींच्या जवळ पोहोचतो. म्हणजे ७० किलो वजनाच्या व्यक्तीच्या गुडघ्यावर उतरणीच्या प्रत्येक पायरीला सुमारे २४० किलो भार पडतो. उतरताना सारे शरीर एका वाकलेल्या गुडघ्यावर तोलून हळूहळू खाली सोडावे लागते. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच लगामाचे काम करतो आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. हा स्नायू दुर्बल असेल, तर सांध्याला अधिक सोसावे लागते.

हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारखा द्रव हाच तिचा मुख्य आहार, आणि तो दाब पडून सुटण्याच्या क्रियेतून आत झिरपतो. म्हणून पेढीवर तासन्‌तास एकाच बैठकीत राहणे जसे अहिताचे, तसेच दुखण्याच्या भीतीने चालणे सोडणेही अहिताचे.

यात्रेपूर्वी काही महिने रोज चालावे, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत, वाढलेले वजन उतरवावे. डोंगर उतरताना काठीचा आधार घ्यावा आणि घाई टाळावी. ४८ मिनिटांच्या सामायिकानंतर एकदम न उठता आधी पाय काही वेळा लांब करून दुमडावेत. मांडी घालणे अशक्य झाल्यास संकोचाने सामायिकच सोडू नये. त्याचा गाभा समभाव आहे, आसन नव्हे. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल, तर मात्र वैद्यकीय तपासणी लांबवू नये.

देह हे आराधनेचे साधन आहे. साधनाची निगा राखणे म्हणजे देहाचे लाड नव्हेत. तो विवेकच आहे.