किल्ल्यावरची चित्रं जपून ठेवा

पुण्यात सदाशिव पेठेत दिवाळीला मातीचे किल्ले उभे राहतात, त्यांवर अळीव उगवतात आणि सण सरला की त्यांवरची मावळे, गवळणी अशी मातीची चित्रं बऱ्याचदा मातीबरोबरच जातात. नाताळाआधी २४ कप्प्यांच्या लेगो कॅलेंडरमधून निघणारे चिमुकले बाहुले मात्र लोक हौसेने संग्रही ठेवतात. मग आपले मावळे का नकोत? कुणी म्हणेल, गवळण बुरुजाहून उंच, हा कसला इतिहास! खरं आहे, पण जपायचा आहे तो कारागिराचा हात. साचा एकच असला तरी हाताने रंगवलेल्या प्रत्येक गवळणीची भुवई वेगळी असते. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते अशा रोजच्या वस्तू जमवल्या, म्हणूनच शेजारच्या शुक्रवार पेठेत त्यांचं संग्रहालय आहे. मातीचं चित्र ओलीने विरघळतं, म्हणून पुसून, कापसात गुंडाळून, साल लिहून कोरड्या डब्यात ठेवा.