सरासरीआड राहिलेली मुले

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्याच्या इमारतीवर एक मजला चढवण्याचे काम चालू होते. कामावर दाहोदकडची तीन मजूर कुटुंबे होती. वाळूच्या ढिगाशेजारीच त्यांच्या चुली पेटत आणि तेथेच त्यांची मुले खेळत. एके सकाळी त्यांतील एक बाई सव्वा वर्षाच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. लाल डोळे, अंगभर पुरळ आणि लागलेली धाप. गोवर आणि त्यापाठोपाठ न्यूमोनिया, हे निदान करायला वेळ लागला नाही. लस टोचली होती का, असे विचारता ती म्हणाली, "साहेब, गावात नर्सबाई येते तेव्हा आम्ही इथे असतो. आणि इथे आमचे घर कुठे आहे?"

मूल बरे झाले. मी मात्र खजील झालो. त्याच महिन्यात एका सभेत माझ्या दवाखान्यातील बालकांच्या लसीकरणाचा आलेख मी मोठ्या अभिमानाने दाखवला होता. हे मूल कित्येक दिवस माझ्याच जिन्याखाली राहत होते, पण त्या आलेखात त्याला जागा नव्हती. शहराच्या लसीकरणाचे मोजमाप कसे होते आणि त्यातून कोण निसटते, याचा मी तेव्हापासून थोडाफार अभ्यास केला. तोच येथे मांडत आहे.

अंश आणि छेद

लसीकरणाची टक्केवारी म्हणजे एक साधा अपूर्णांक आहे. वर अंश, म्हणजे लस मिळालेली मुले. खाली छेद, म्हणजे लस मिळायला हवी होती अशी सर्व मुले. अंश नोंदवहीतून मिळतो. छेद मात्र बहुधा लोकसंख्येवरून बांधलेला अंदाज असतो. २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये होऊ शकली नाही. दरम्यान आपले बडोदे चहूबाजूंनी वाढत राहिले. जुन्या आकड्यांवर बेतलेला छेद वाढत्या शहरात तोकडा पडतो. म्हणूनच शासकीय अहवालात कधी कधी शंभराहून अधिक टक्के लसीकरण झाल्याचे दिसते.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जे मूल छेदातच धरलेले नाही, त्याला लस न मिळाल्याने टक्केवारी मुळीच घटत नाही. न मोजलेले मूल आकडा बिघडवत नाही, आणि म्हणून त्याची कोणाला आठवणही होत नाही.

उलट बाजूची चूक आपण खासगी डॉक्टर करतो. आपल्याकडे लस घेणारी सुखवस्तू घरांतील मुले छेदात असतात, परंतु आपण महापालिकेस माहिती कळवली नाही तर ती अंशात येत नाहीत. एका चुकीने टक्केवारी फुगते, दुसरीने घटते. दोन्ही मिळून आलेला आकडा पटण्याजोगा दिसला, तरी तो खरा असेलच असे नाही.

सरासरीचा पडदा

समजा, एखाद्या वॉर्डात शंभर बालके आहेत. त्यांतील ऐंशी पक्क्या वस्तीतील असून त्यांपैकी ७६ जणांचे लसीकरण पूर्ण झाले आहे. उरलेली वीस बांधकामांवर आणि नदीकाठच्या झोपड्यांत राहतात. त्यांपैकी दहांचेच झाले आहे. वॉर्डाची सरासरी ८६ टक्के येईल आणि अहवाल समाधानकारक ठरेल. पण गोवराचा विषाणू सरासरी पाहत नाही. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या समूहात १२ ते १८ जणांना बाधा देऊ शकतो, म्हणून त्याला रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुले संरक्षित असावी लागतात, आणि तीही प्रत्येक वस्तीत. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराचा जो उद्रेक झाला, त्याने हे पुरेसे स्पष्ट केले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १२ ते २३ महिने वयाच्या पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे देशातील प्रमाण २००५-०६ मध्ये ४३.५ टक्के, २०१५-१६ मध्ये ६२ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ७६.४ टक्के होते. ही प्रगती अभिमानास्पद आहे. परंतु २०१९-२१ च्या पाहणीत ग्रामीण भागाचे प्रमाण ७६.८, तर शहरी भागाचे ७५.५ टक्के निघाले. ज्या शहरात पावलोपावली दवाखाना आहे, ते खेड्याच्याही किंचित मागे पडले! खेड्यात आशाताईला प्रत्येक घर ठाऊक असते. शहरात मात्र लस जवळ असूनही ती देणाऱ्याला मुलाचा पत्ता ठाऊक नसतो.

गटवार मोजणी कशी करावी

यासाठी प्रचलित पद्धत म्हणजे तीस समूहांची पाहणी. शहरातून तीस वस्त्या निवडायच्या, प्रत्येकीत सात मुलांची कार्डे पाहायची, एकूण २१०. यातून साऱ्या शहराचा अंदाज सुमारे दहा टक्के अधिकउणे इतक्या अचूकतेने मिळतो. पण या २१० मुलांत बांधकामावरची मुले मोजकीच येतील, कदाचित एकही येणार नाही. एवढ्यावरून त्या गटाविषयी काही म्हणता येत नाही.

दुसरी पद्धत कारखान्यातील मालाच्या तपासणीवरून घेतलेली आहे. प्रत्येक वस्तीतून केवळ १९ मुले निवडायची. लक्ष्य ८० टक्क्यांचे असेल आणि त्यांपैकी किमान १३ मुलांचे लसीकरण झालेले नसेल, तर ती वस्ती मागे आहे असे समजायचे. नेमकी टक्केवारी यातून कळत नाही. परंतु उद्या सकाळी परिचारिकेला कोठे पाठवायचे, हे कळते.

गळतीही पाहायला हवी. पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस मिळाला पण तिसरा राहिला, तर कुटुंब केंद्रापर्यंत पोहोचले होते, मात्र पुन्हा आले नाही. पहिलाच डोस मिळाला नसेल, तर आपणच त्याच्यापर्यंत पोहोचलो नाही. दोन्हींचे उपाय भिन्न आहेत.

पोलिओची शिकवण

हे अवघड असले तरी अशक्य नाही. पल्स पोलिओ मोहिमेत कार्यकर्ते दारावर खडूने खूण करीत. सर्व मुलांना डोस मिळाला तर 'पी', एखादे राहिले तर 'एक्स'. दुसऱ्या दिवशी ते 'एक्स'च्या घरी पुन्हा जात. पुढे वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांचे तळ यांच्या स्वतंत्र याद्या केल्या गेल्या. त्या मोहिमेने किती जणांना डोस दिला याबरोबरच कोण राहिले हेही मोजले. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळलेला रुग्ण वन्य पोलिओचा देशातील अखेरचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त घोषित झाला.

आपण काय करावे

व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे की लसीच्या नोंदीबरोबर चार गोष्टी लिहाव्यात: राहण्याचे ठिकाण, तेथे किती महिने वास्तव्य, आईचे शिक्षण आणि मूल कितवे. दरमहा आपली संख्या महापालिकेच्या आरोग्य विभागास कळवावी. मात्र ही गटवार माहिती कोणत्याही जातीवर वा धर्मावर ठपका ठेवण्यासाठी नाही. रोजंदारी बुडते, केंद्राची वेळ जुळत नाही, मागच्या वेळी कोणी तुसडेपणाने बोलले, अशी कारणे शोधून दूर करण्यासाठी ती आहे.

इतर वाचकांनाही एक सांगणे आहे. आपल्या सोसायटीतील पहारेकऱ्याचे, धुणेभांडी करणाऱ्या बाईचे, शेजारच्या बांधकामावरील मजुराचे मूल आपण रोज पाहतो. त्याचे ममता कार्ड आहे का, एवढे विचारावे. नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता आणि वार सांगावा. शासकीय केंद्रात लस मोफत मिळते, आणि गावी पहिला डोस झाला असेल तर पुढचा येथे घेता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

माझ्या दवाखान्याचा मजला केव्हाच पूर्ण झाला. ते कुटुंब दुसऱ्या कामावर गेले. कोठे, ते मला ठाऊक नाही. जाताना आईच्या हाती कार्ड दिले होते आणि पुढच्या लशीची तारीख त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली होती. त्या तारखेला ती ज्या वस्तीत असेल, तेथे तिचे नाव कोणीतरी लिहून घेतले असेल, अशी माझी आशा आहे.